बंदर तर वेगवान झालंय म्हणतात, मग आमचा कंटेनर अडतो कुठे? आणि सगळं काम थ्रीपीएलला, म्हणजे लॉजिस्टिक्सचं काम करणाऱ्या बाहेरच्या कंपनीला, दिलं तर फरक पडेल का?

डिस्पॅच_चाकण

नमस्कार मंडळी, मी चाकणच्या एका मध्यम कारखान्यात डिस्पॅच आणि एक्सपोर्टचं काम बघते, मशीन केलेले कास्टिंगचे पार्ट्स युरोपला जातात, सगळं न्हावा शेवाच्या बंदरातून (जेएनपीटी). आमच्याकडे सध्या एक वाद चाललाय आणि मला बाहेरच्या जाणकार लोकांचं मत हवंय.

झालंय असं की आमच्या मालकांनी कुठेतरी वाचलं की वर्ल्ड बँकेच्या लॉजिस्टिक्स परफॉर्मन्स इंडेक्समध्ये भारत २०२३ साली १३९ देशांत ३८ वा आला, त्याआधी २०१८ मध्ये ४४ वा होता, आणि कंटेनर आपल्या बंदरात सरासरी ३ दिवसच राहतो, अमेरिकेत ७ आणि जर्मनीत १० दिवस. त्यामुळे त्यांचं म्हणणं की बंदर आता चांगलं झालंय, उशीर होतो तो आपल्याच डिपार्टमेंटमुळे, तर ट्रान्सपोर्ट, सीएचए (कस्टम्सचं काम करणारा एजंट), बुकिंग, पॅकिंग, गोदाम सगळं एकाच थ्रीपीएल कंपनीला देऊन टाका आणि मोकळे व्हा. मला त्यात तथ्य वाटतं पण पूर्ण पटत नाही, कारण माल कारखान्यातून निघाल्यापासून जहाजावर चढेपर्यंत कधी कधी आठवडा निघून जातो आणि त्यात आमच्या हातात असलेला वेळ फारच थोडा असतो. मागच्या सीझनला एक कंटेनर कट-ऑफ (बंदरात पोचायची शेवटची वेळ) चुकला म्हणून रोल ओव्हर झाला, पुढच्या जहाजावर गेला, गिऱ्हाईकाची लाईन बंद पडायची वेळ आली, आम्हाला थोडा माल विमानाने पाठवावा लागला आणि त्या ऑर्डरवरचा नफा गेला.

तर प्रश्न दोन. हा ३ दिवसांचा आकडा खरा असेल तर बाकीचा वेळ जातो कुठे? आणि बाहेरच्या कंपनीला काम दिल्याने रस्ता, गेट, बंदर यांच्या अडचणी कशा काय सुटणार?

उरण_गेटवाला

ताई, प्रश्न एकदम योग्य आहे, आणि मी बरीच वर्षं सीएचएच्या ऑफिसातून बंदराचंच काम केलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तो ३ दिवसांचा आकडा चुकीचा नाही. पण तो कशाचा आहे ते बघा, कंटेनर बंदराच्या हद्दीत किती वेळ राहिला याचा. तुमचा ट्रेलर चाकणहून निघाला, कळंबोलीला अडकला, पार्किंग प्लाझात उभा राहिला, हे त्या आकड्यात येतच नाही. बंदराच्या आतलं काम खरोखर सुधारलंय, जहाजाला धक्क्यावर लागून परत निघायला आता सरासरी एक दिवससुद्धा लागत नाही, आम्ही सुरुवात केली तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता.

हे कसं झालं तेही सांगतो. जेएनपीटी सुरू झालं १९८९ ला, तेव्हा सगळं सरकारच चालवायचं. मग १९९७ मध्ये देशातलं पहिलं खाजगी कंटेनर टर्मिनल इथेच द्यायचा करार झाला, १९९९ च्या सुमारास ते सुरू झालं, त्यानंतर २००६ ला तिसरं टर्मिनल, मग डीपी वर्ल्ड कंपनीचं दुसरं, मग २०१८ ला सिंगापूरच्या पीएसए कंपनीचं बीएमसीटी टर्मिनल. आणि जे सरकारी टर्मिनल उरलं होतं तेही २०२२ ला खाजगी ऑपरेटरकडे गेलं. म्हणजे आज बंदर प्राधिकरण फक्त जमीनमालक आहे, क्रेन हलवणारे सगळे खाजगी. तुम्ही आउटसोर्सिंगबद्दल विचारताय ना, तर देशातलं लॉजिस्टिक्समधलं सगळ्यात मोठं आउटसोर्सिंग हेच आहे, आणि जिथे स्पर्धा होती, मोजमाप होतं, करारात कामगिरी लिहिलेली होती तिथे ते चाललंय. २०२४-२५ ला इथे ७३ लाख टीईयूच्या (वीस फुटी कंटेनरच्या मापाने) आसपास कंटेनर हाताळले गेले.

पण आता तुमच्यासारख्या एक्सपोर्टरच्या बाजूने बघा. टर्मिनल पाच, प्रत्येकाचा गेट वेगळा, प्रत्येकाची सिस्टिम वेगळी, शिपिंग लाईनने ऐन वेळी टर्मिनल बदललं की तुमचा फॉर्म १३, म्हणजे टर्मिनलच्या गेटात शिरायची परवानगी, परत काढा. रिकामा कंटेनर उचलायचा असतो भलत्याच यार्डातून, तिथे रांग. यार्डात मिळालेला डबा फुटका किंवा घाण निघाला की परत करा, दुसरा घ्या, अर्धा दिवस गेला. मग घाट उतरून आल्यावर पळस्पे फाटा, डी पॉइंट, कळंबोली हा पट्टा. बंदरातून मुख्य हायवेला लागायलाच दोन-तीन तास जातात हे खुद्द केंद्र सरकारने मान्य केलंय, म्हणून तर मार्च २०२५ ला पागोटे ते चौक असा २९ किलोमीटरचा सहापदरी नवा रस्ता मंजूर झाला, साधारण ४,५०० कोटींचा. तो झाला की पुण्याकडच्या गाड्यांना खरा आराम मिळेल, पण तो होईपर्यंत तुमच्या ड्रायव्हरला याच रस्त्याने यायचंय.

अजून एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. कस्टम्स दर वर्षी टाइम रिलीज स्टडी करतं, त्यात एक्सपोर्टचे दोन टप्पे वेगळे मोजतात, एक एलईओ, म्हणजे कस्टम्सची निर्यातीची मंजुरी, मिळेपर्यंत आणि दुसरा एलईओ मिळाल्यापासून जहाज सुटेपर्यंत. दुसरा टप्पा पहिल्यापेक्षा बराच मोठा असतो. म्हणजे कस्टम्सचा साहेब सही करून मोकळा झाला तरी तुमचा माल थांबलेलाच असतो, कारण जहाज आलेलं नसतं किंवा तुम्ही भीतीने लवकर पाठवलेलं असतं. उशीर होऊ नये म्हणून सगळेच लवकर पाठवतात, त्यामुळे गर्दी होते, गर्दीमुळे उशीर होतो, आणि पुढच्या वेळी अजून लवकर पाठवतात. हे चक्र मी रोज बघितलंय.

तुमच्याकडे फॅक्टरी स्टफिंग (कंटेनर कारखान्यातच भरणं) आहे की सीएफएसला, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर भरायच्या गोदामात, माल उतरवता? फॅक्टरीतच ई-सील (इलेक्ट्रॉनिक सील) लावून थेट टर्मिनलला जात असाल तर तुमचा एक मोठा टप्पा आधीच वाचलाय. अजून सीएफएसमार्गे जात असाल तर पहिलं काम ते बंद करणं.

डिस्पॅच_चाकण

दादा खूप धन्यवाद, इतकं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. फुल कंटेनर आमचे फॅक्टरी स्टफिंगच आहेत, ई-सीलवाले. पण छोट्या ऑर्डरी एलसीएलने, म्हणजे इतरांच्या मालासोबत एका कंटेनरमध्ये, जातात, त्या सीएफएसला जाऊनच कन्सॉलिडेट होतात, आणि जास्त तक्रारी त्यांच्याच आहेत. आणि अजून एक, आम्ही एफओबीवर (माल जहाजावर चढेपर्यंत जबाबदारी आमची) विकतो, फॉरवर्डर, म्हणजे जहाजाची व्यवस्था करणारा एजंट, गिऱ्हाईकच ठरवतं. याचा काही संबंध आहे का?

करार_आधी_वाचा

संबंध आहे आणि फार मोठा आहे, याच्यासाठीच लिहायला बसलो.

मी आधी एका थ्रीपीएलमध्ये होतो, आता दुसऱ्या बाजूला, म्हणजे कारखान्यांच्या वतीने असे करार करतो. तुमच्या मालकांना माझा पहिला प्रश्न हा असेल की जी गोष्ट तुमच्या ताब्यातच नाही ती तुम्ही आउटसोर्स कशी करणार? एफओबीमध्ये जहाज कुठलं, लाईन कुठली, फॉरवर्डर कोण हे समोरचं गिऱ्हाईक ठरवतं, आणि जोखीम मात्र माल जहाजावर चढेपर्यंत तुमची. कंटेनर टर्मिनलच्या गेटातून आत गेला की तुमचा त्यावर काडीचा ताबा राहत नाही, तरी तो जहाजावर चढेपर्यंत काही झालं तर ते तुमच्या माथी. म्हणूनच कंटेनरच्या मालाला एफओबी वापरू नका, एफसीए वापरा (म्हणजे माल गिऱ्हाईकाच्या वाहतूकदाराकडे सोपवला की जोखीम त्याची), असं इन्कोटर्म्स, म्हणजे व्यापाराच्या या अटी, बनवणारी आयसीसी ही संस्था कधीपासून सांगतेय, पण आपल्याकडे सवयीने सगळ्या पीओवर (खरेदी ऑर्डरवर) एफओबीच छापलेलं असतं. आणि आपण इम्पोर्ट करतो ते सीआयएफवर (भाडं आणि विमा विकणाऱ्याकडे), म्हणजे तिथेही जहाज समोरच्याचंच. दोन्ही बाजूंनी भाड्याची बोलणी दुसरा करतो आणि आपण स्वस्तात सुटलो असं वाटून घेतो. मला हे खरंच खटकतं, कारण या देशात इतका माल असून बोलणी करायची ताकद आपण स्वतःहून सोडून दिलीय.

आता थ्रीपीएलबद्दल. २०१७ आधी या कंपन्या आपल्याकडे मोठ्या होऊच शकल्या नाहीत, त्याचं कारण कर. राज्याबाहेर विक्री केली की सीएसटी (केंद्रीय विक्रीकर) लागायचा, म्हणून प्रत्येक कंपनी प्रत्येक राज्यात एक छोटं गोदाम ठेवायची, मालाला गरज असो नसो. जुलै २०१७ ला जीएसटी आला, राज्यांच्या सीमेवरचे कर-चेकपोस्ट गेले, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लॉजिस्टिक्सला इन्फ्रास्ट्रक्चरचा दर्जा मिळाला म्हणजे कर्ज स्वस्त आणि लांब मुदतीचं मिळायला लागलं, आणि मग भिवंडीसारख्या ठिकाणी मोठी, उंच, रॅकिंगवाली गोदामं उभी राहिली. तेव्हापासून बाहेरच्या कंपनीला गोदाम देण्यात खरा फायदा दिसायला लागला, कारण ती एकाच छपराखाली अनेकांचा माल ठेवते आणि तिचा खर्च वाटला जातो.

ट्रान्सपोर्टमध्ये मात्र तसं नाहीये. तुम्ही मोठ्या नावाच्या कंपनीशी करार करता, ती पुढे एका ट्रान्सपोर्टरला देते, तो ब्रोकरला, आणि शेवटी गाडी येते ती अशा मालकाची ज्याच्याकडे एकूण दोन-चारच गाड्या आहेत, जो डिझेल रोख भरतो आणि ज्याला पैसे तीन महिन्यांनी मिळतात. त्याच्या गाडीला तुमच्या कारखान्याच्या गेटवर चार तास उभं केलं तर त्याचा त्या दिवसाचा धंदा बुडतो, तो पुढच्या वेळी तुमचं भाडं उचलताना विचार करतो. तुम्हाला वाटतं थ्रीपीएल गाडी देत नाही. अहो गाडीवाला तुमच्याकडे यायला तयार नाहीये. हे ज्याला कळलं त्याचा कट-ऑफ क्वचित चुकतो. म्हणून मी करारात दोन्ही बाजूंचे आकडे लिहून घेतो, गाडी वेळेवर आली का हे जसं त्यांच्यावर, तसं गाडी आल्यापासून किती वेळात भरून सोडली हे आपल्यावर, आणि शेवटच्या गाडीवाल्याला किती दिवसांत पैसे पोचले तेही.

आणि सगळं एकाच कंपनीला देऊ नका. गोदाम, पॅकिंग, एलसीएलचं कन्सॉलिडेशन द्या, ट्रेलरही द्या. पण बुकिंगचा प्लॅन, कुठल्या आठवड्यात किती माल, कुठलं जहाज धरायचं, हे डोकं तुमच्याच डिपार्टमेंटमध्ये राहू द्या. कारण एकदा का ते बाहेर गेलं की दोन वर्षांनी तुमच्याकडे भाडं बरोबर आहे की नाही हे ओळखणारा एकही माणूस उरत नाही आणि करार रिन्यू करताना तुम्ही त्यांनी दिलेलाच आकडा मान्य करता. असं होताना मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

धक्का_आणि_खोली

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम. मी फक्त त्या इंडेक्सबद्दल थोडं लिहितो कारण मालक मंडळी त्यावरूनच बोलतात.

तो क्रमांक बराचसा लोकांना विचारून काढतात, म्हणजे जगभरातले फॉरवर्डर वगैरे दुसऱ्या देशांना मार्क देतात, कस्टम्स, पायाभूत सोयी, जहाजाची व्यवस्था, सेवेचा दर्जा, ट्रॅकिंग आणि वेळेवर पोचणं अशा सहा बाबींवर. २०२३ ला त्यांनी कंटेनरच्या ट्रॅकिंगचा खरा डेटाही दिला, तो ३ दिवसांचा आकडा तिथूनच आलाय. आता आपला प्रवास बघा, २०१४ ला ५४, २०१६ ला ३५, २०१८ ला ४४, २०२३ ला ३८. दोन-दोन वर्षांत एवढे वरखाली रस्ते आणि धक्के होत नसतात, मतं होतात. आणि आतले आकडे जास्त बोलके आहेत, २०२३ ला आंतरराष्ट्रीय शिपमेंट या बाबीत आपण २२ वे, पण पायाभूत सोयींत ४७ वे. म्हणजे आपली माणसं आणि व्यवस्था सोयींच्या मानाने जास्त चांगलं काम काढतायत असं माझं वाचन आहे. त्यामुळे ताई, उशीर तुमच्या डिपार्टमेंटमुळे होतो हे वाक्य मी तरी मान्य करणार नाही.

खर्चाचंही तसंच आहे. कित्येक वर्षं सगळे म्हणायचे की आपला लॉजिस्टिक्स खर्च जीडीपीच्या १३-१४ टक्के आहे, २०२२ च्या राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणाच्या वेळीही हाच आकडा फिरत होता. मग एनसीएईआर या संशोधन संस्थेने नीट हिशोब केला तर २०२१-२२ साठी तो ७.८ ते ८.९ टक्के निघाला. इतका फरक! आपण इतकी वर्षं ज्या आकड्यावर धोरणं आखली तो मुळात नीट मोजलेलाच नव्हता.

अडचण मला दिसते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे रेल्वे. पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग दादरी ते जेएनपीटी असा १,५०६ किलोमीटरचा, त्यातलं उत्तरेकडचं काम आधी झालं, जानेवारी २०२१ ला रेवाडी-मदार भागात विजेवर डबल स्टॅक (एकावर एक कंटेनर ठेवलेली) गाडी धावली, पण वैतरणा ते जेएनपीटी हा शेवटचा साधारण १०० किलोमीटरचा तुकडा, जो आपल्या बंदराला जोडतो, तोच सगळ्यात मागे पडला. दरम्यान गुजरातची बंदरं या मार्गाला आधी जोडली गेली, उत्तरेचा माल तिकडे वळला, मुंद्रा कंटेनरमध्ये आपल्या पुढे गेलं. रेल्वेने जाऊ शकणारा माल रस्त्यावर राहिला की तोच चाकणच्या गाडीसमोर कळंबोलीला उभा असतो.

दुसरी म्हणजे खोली. देशाचा जो माल दुसऱ्या बंदरात जहाज बदलून जातो त्यातला ७५ टक्क्यांच्या आसपास अनेक वर्षं परदेशात, मुख्यतः कोलंबो, सिंगापूर आणि पोर्ट क्लँगला हाताळला जात आलाय, कारण सगळ्यात मोठी जहाजं घेण्याएवढी खोली आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी होती. केरळमधल्या विळिंजमला नैसर्गिक खोली १८ मीटरच्या वर आहे, डिसेंबर २०२४ पासून तिथे व्यापारी काम सुरू झालं, मोठी जहाजं थेट लागतायत. आणि आपल्या किनाऱ्यावर डहाणूजवळचं वाढवण बंदर, ७६,२२० कोटींचा प्रकल्प, जून २०२४ ला मंजूर, नऊ कंटेनर टर्मिनल, पूर्ण झालं तर २ कोटी ३२ लाख टीईयूची क्षमता. न्हावा शेवाच्या आजच्या कामाच्या तिप्पट. माझ्या मते पश्चिम भारताला याची गरज आहेच.

डहाणू_किनारा

वाढवणचं नाव निघालं म्हणून लिहितोय. गरज आहे हे म्हणणं सोपं आहे. आमच्याकडे त्याच पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी चालते, डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला, आणि १९९८ ला डहाणू प्राधिकरणाने याच ठिकाणी बंदराला नकार दिला होता. तेव्हा जे समुद्राला घातक होतं ते आता नाही, हे आम्हाला अजून कुणी नीट पटवलेलं नाही. मी बंदराच्या कामाच्या विरोधात नाही, माझा चुलतभाऊ न्हावा शेवाला ट्रेलर चालवतो. पण लॉजिस्टिक्सचा खर्च जीडीपीच्या किती टक्के हे मोजताना ज्याचं पाणी गेलं त्याचा खर्च कुठल्या रकान्यात धरतात ते मला कुणीतरी सांगा. आणि वरच्याच प्रतिसादात लिहिलंय की अडचण गेटबाहेरच्या रस्त्याची आणि रेल्वेच्या शेवटच्या तुकड्याची आहे. मग आधी ते पूर्ण करा ना.

धक्का_आणि_खोली

तुमचा मुद्दा मला मान्य आहे, क्रम चुकलाय. रस्ता आणि रेल्वे आधी, धक्का नंतर असं असायला हवं होतं, न्हावा शेवाला आपण धक्के वाढवत गेलो आणि मागचा रस्ता तसाच राहिला. वाढवणला तरी रस्ता-रेल्वे बरोबरीने होतील असं धरून मी बोललो. मच्छीमारांच्या नुकसानीचा हिशोब मात्र मी ज्या अहवालांतून हे आकडे घेतो त्यांत नसतो, हे खरं आहे.

डिस्पॅच_चाकण

सगळ्यांचे आभार, आणि डहाणूच्या दादांचेही, ही बाजू आमच्या मीटिंगमध्ये कधी येतच नाही.

मी मालकांपुढे असं मांडायचं ठरवलंय की एलसीएलचं गोदाम आणि कन्सॉलिडेशन बाहेर देऊ, ट्रेलरचा करार आपल्या लोडिंगच्या वेळेसकट करू, बुकिंगचं प्लॅनिंग आपल्याकडेच ठेवू आणि पुढच्या पीओपासून दोन मोठ्या गिऱ्हाईकांशी एफसीएचं बोलू. फक्त त्यांना पुरावा लागेल. वेळ नक्की कुठे जातो हे आमच्याच कंटेनरवरून दाखवायचं असेल तर कुठून सुरुवात करू? आमच्याकडे फक्त गेटपास आणि बिल ऑफ लॅडिंगची (माल जहाजावर चढल्याच्या पावतीची) तारीख आहे.

उरण_गेटवाला

सोपं आहे. मागच्या महिन्यातले कंटेनर नंबर काढा आणि लॉजिस्टिक्स डेटा बँकेच्या साइटवर एकेक टाका, २०१६ पासून आपल्या बंदरात ही आरएफआयडी टॅगची सोय आहे, टोलनाका, सीएफएस, बंदराचा गेट अशा ठिकाणी कंटेनर कधी दिसला ते कळतं. एलईओची वेळ तुमच्या सीएचएला मागा, आइसगेट या कस्टम्सच्या साइटवरून दोन मिनिटांत निघते. रिकामा कंटेनर कधी उचलला ते यार्डाच्या स्लिपवर असतं, ती ड्रायव्हरकडे राहते, आजपासूनच त्याला फोटो पाठवायला सांगा. मग एका शीटवर ओळीने मांडा, रिकामा उचलला, कारखान्यात आला, भरून निघाला, गेट इन, एलईओ, जहाज सुटलं. वीसेक कंटेनरचं केलंत तरी पुरे. आणि कारखान्यात आला ते भरून निघाला हा रकाना अजिबात गाळू नका, मालक पहिला तोच विचारतील.